आचार्य धर्मानंद कोसंबी : ग्रंथातला मार आणि मनातला मार

माहूर म्हटले की महाराष्ट्राला रेणुकेचा गड आणि दत्तशिखर आठवते. या मुलखातील आपल्या वाडवडिलांच्या कित्येक पिढ्या त्या गडाकडे डोळे लावून जगल्या. नवस बोलणे, नवस फेडणे, अंगात येणे, कोंबडे-बकरे कापणे यांत त्यांची मिळकतही गेली आणि उमेदही गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आपल्या लाखो अनुयायांना दिली आणि त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. तेव्हापासून गावोगावच्या घरांतील देव्हारे उतरू लागले. टाक नदीत गेले, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आली. आजही नवी कुटुंबे या वाटेने येत आहेत.

परंतु देव्हारा रिकामा झाला म्हणून चमत्काराची जुनी सवय लगेच सुटते असे नाही. वैशाख पौर्णिमेला विहारात तथागतांचे चरित्र वाचले जाते. मायादेवीच्या स्वप्नात पांढरा हत्ती येतो, बाळ जन्मताच सात पावले चालते, बोधिवृक्षाखाली मार आपले सैन्य घेऊन चालून येतो. म्हातारी माणसे ऐकून हात जोडतात. शाळेत विज्ञान शिकणारी मुले मात्र हे खरेच घडले काय, असे विचारतात. मुलांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे फार सोपी आहेत. सगळे अक्षरशः खरे मानावे, हे एक. सगळे भाकड म्हणून फेकून द्यावे, हे दुसरे. पहिल्या उत्तराने आपण एक चमत्कार काढून त्या जागी दुसरा बसवतो. दुसऱ्या उत्तराने ग्रंथच हातातून जातो आणि त्याबरोबर त्यातील शहाणपणही जाते. तिसरे उत्तर शोधण्यात ज्यांनी उभा जन्म घालवला, अशा एका मराठी माणसाची ओळख नवदीक्षित कुटुंबांनी करून घेतली पाहिजे. ते म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घर सारस्वत ब्राह्मणाचे, धंदा नारळीच्या बागेचा. प्रकृती अशक्त आणि आसपास शिक्षणाची सोय नाही, त्यामुळे शालेय शिक्षण नावापुरतेच झाले. त्या काळच्या रूढीप्रमाणे १८९१ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी त्यांचे लग्न झाले. पुढे ज्या माणसाने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांचे संपादन केले, त्याच्या गाठीला विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती. आपल्या घरांतील जी मुले पैशाअभावी शाळा सोडतात, त्यांच्या आईबापांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विशीच्या आसपास त्यांच्या हाती बालबोधमेवा हे मुलांचे मासिक आले. त्यात भगवान बुद्धांवर एक लहानसा लेख होता. नंतर गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी वाचले, आणि या महापुरुषाचा धर्म मुळापासून जाणल्याशिवाय जगण्यात अर्थ नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. मुलांच्या मासिकातील चार पाने माणसाचे आयुष्य पालटू शकतात, ते असे.

१८९९ च्या अखेरीस, पहिली मुलगी तान्ही असताना, धर्मानंद घराबाहेर पडले. या त्यागाची किंमत एकट्या धर्मानंदांनी मोजली नाही. मागे राहिलेल्या बाळाबाईंनीही ती मोजली. चरित्रकार पुरुषाचा त्याग लिहितात आणि बाईचा विसरतात. आपण तसे करू नये.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. काशीत शास्त्रे होती, परंतु बुद्ध नव्हता. १९०२ मध्ये ते बुद्धाच्या शोधात नेपाळात गेले आणि तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. मग बुद्धगया, कलकत्ता, मद्रास असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पाली भाषेचा अभ्यास केला आणि श्रामणेर दीक्षा घेतली. नंतर ब्रह्मदेशात राहून ध्यानभावनेचा अभ्यास केला. सारनाथ, कुशीनारा ही तथागतांच्या चरणस्पर्शाने पावन झालेली ठिकाणे पाहिली. खिशात पैसा नसताना हा सारा प्रवास झाला.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात पाली शिकवू लागले व पुढे कलकत्ता विद्यापीठातही शिकवू लागले. आता त्यांनी संसाराची जबाबदारीही पुन्हा पत्करली. १९०७ मध्ये त्यांना मुलगा झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी. कलकत्त्यात पगार बरा होता. परंतु आपल्या महाराष्ट्राला बुद्धाची ओळख करून द्यावी, ही तळमळ स्वस्थ बसू देईना. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, आणि जास्तीचा पगार सोडून त्यांनी ते पन्नास रुपये घेतले. याच सयाजीराव महाराजांनी पुढे तरुण भीमरावांना अमेरिकेला शिकायला पाठवले.

१९१० मध्ये कोसंबी प्रथम हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग हा शील, समाधी व प्रज्ञा यांचा थोर ग्रंथ तेथे संपादनासाठी पडून होता. हे काम हाती घेतलेले वॉरन नावाचे अमेरिकन विद्वान १८९९ मध्येच वारले होते. त्या एका ग्रंथासाठी कोसंबींनी अनेकदा समुद्र ओलांडला. संपादनाचे श्रेय कोणाला द्यायचे यावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा वाद झाला, पण आपल्या श्रमाचे श्रेय सोडून देऊन गप्प बसणे त्यांना मानवले नाही. तो ग्रंथ हार्वर्डकडून अखेर १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. नागरी लिपीतील त्याची आवृत्ती मात्र त्यांनी १९४० मध्येच मुंबईहून काढली होती.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. ना. के. भागवत, पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे हे पुढचे पाली पंडित त्यांच्याच हाताखाली तयार झाले. नंतर त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केले, १९२९ मध्ये ते रशियातील लेनिनग्राडला जाऊन आले, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवासही सोसला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. गिरणीत राबणाऱ्या माणसांच्या शेजारी विहार असावा, हा त्यामागचा विचार होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोसंबींनी ग्रंथ कसा वाचला?

१९१४ मध्ये त्यांनी बुद्धलीलासारसंग्रह लिहिला. त्यात जातककथा आहेत, परंपरेने चालत आलेले बुद्धचरित्र आहे. सुंदर मराठीत, श्रद्धेने सांगितलेले. परंतु ते तेथे थांबले नाहीत. मूळ पाली सुत्ते पुन्हा पुन्हा वाचत, एकाला दुसरे लावून पाहत त्यांनी पंचवीस वर्षे घालवली, आणि १९४० च्या सुमारास भगवान बुद्ध हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे तो भारताच्या अनेक भाषांत गेला. या ग्रंथात त्यांनी जुन्यातले जुने काय आणि नंतर वाढलेले काय, हे धान्य पाखडावे तसे पाखडले.

आपल्या सर्वांना पाठ असलेली चार दृश्यांची कथा घ्या. राजपुत्र रथातून बाहेर पडतो, त्याला म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी दिसतो आणि मध्यरात्री तो गुपचूप घर सोडतो. कोसंबींनी दाखवले की ही कथा मुळात दीघनिकायातील महापदान सुत्तात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे. ती नंतर गौतमाच्या चरित्राला जोडली गेली. उलट मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतः सांगतात की आईवडील अश्रू ढाळीत असताना आपण केस-दाढी उतरवून प्रव्रज्या घेतली. घरच्यांच्या डोळ्यांदेखत घर सोडलेला माणूस मध्यरात्री पळून कसा जाईल?

मग चार दृश्यांत काहीच उरत नाही काय? उरते, आणि फार मोलाचे उरते. अंगुत्तरनिकायात तथागत तीन मदांविषयी बोलतात : तारुण्याचा मद, आरोग्याचा मद आणि जगण्याचा मद. दुसऱ्याचे म्हातारपण पाहून आपण तोंड फिरवतो. आपणही तेथेच जाणार आहोत, हे कळले की तो मद उतरतो. रस्त्यावरचा म्हातारा, रोगी आणि प्रेत म्हणजे हे तीन मद उतरण्याचे चित्र आहे. अशा रीतीने वाचले की कथा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजपुत्राची राहत नाही, ती वाचणाऱ्याची होते.

माराची गोष्टही तशीच. नंतरच्या ग्रंथांत माराचा हत्ती आहे, हजार हात आहेत, शस्त्रांचा पाऊस आहे. या सर्वांचे मूळ असलेले पधानसुत्त सुत्तनिपातात आहे, आणि सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद कोसंबींनीच केला. त्या जुन्या सुत्तात माराच्या पलटणींची नावेच दिली आहेत. काम, अरती म्हणजे चांगल्या कामाचा कंटाळा, भूक आणि तहान, तृष्णा, आळस, भय, शंका, मग गर्व, लाभ, सत्कार, खोटी कीर्ती, आणि शेवटी स्वतःची स्तुती व दुसऱ्याची निंदा. हत्ती नाही, तलवार नाही. हे सैन्य बाहेरून येत नाही. ते आपल्या घरातच जेवून-खाऊन पोसलेले असते.

बंधुभगिनींनो, ही यादी नीट पाहा. सायंकाळी दारूच्या गुत्त्याकडे पाय वळतो, ती तृष्णेची पलटण. मूल आजारी पडले की गपचूप गडावर नवस बोलून यावे असे वाटते, ती भयाची आणि शंकेची. विहार समितीत अध्यक्षपदावरून दोन गट पडतात आणि एका गावात दोन जयंत्या निघतात, ती सत्काराची, स्वस्तुतीची आणि परनिंदेची. मार गोष्टीत होता काय, हा प्रश्न मग लहान होतो. या आठवड्यात त्याची कोणती पलटण आपल्या घरी मुक्कामाला होती, हा प्रश्न मोठा होतो.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. सगळ्याच ग्रंथांतील सगळ्याच गोष्टींना रूपक म्हणण्याची एक सोयीची रीत आपल्या देशात आहे. जातीची उतरंड हे रूपक, विषमता हेही रूपक. बापाच्या आज्ञेने मुलाने आईवर परशू उचलावा, या रेणुकेच्या कथेलाही कोणी रूपक म्हणेल. परंतु ज्याच्या पाठीवर जातीचे वळ उठले, त्याच्यासाठी ती अलंकारिक भाषा नव्हती. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती जाळण्यात आली. तिचा गूढ अर्थ लावत कोणी बसले नाही. तेव्हा रूपकाची कसोटी अशी ठेवावी : अर्थ मूळ ग्रंथातूनच निघतो काय, आणि तो अर्थ आपल्याला बदलायला लावतो की दुसऱ्यावरचा अन्याय झाकायला मदत करतो? पधानसुत्त या कसोटीला उतरते, कारण पलटणींची नावे तेथे लिहिलेली आहेत आणि ती लढाई ज्याची त्यालाच करायची आहे.

कोसंबींनी स्वतः ही मर्यादा पाळली. गृहत्यागाचे कारण शोधताना ते सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे वळले. तेथे तथागत आपल्या मनाला संवेग कसा झाला ते सांगतात. थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे माणसे एकमेकांशी झगडताना त्यांना दिसली, आणि शस्त्राने भयच वाढते हे त्यांना उमगले. कोसंबींनी याचा संबंध शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाशी जोडला. याच विषयावर त्यांनी १९४५ मध्ये बोधिसत्त्व नावाचे नाटक लिहिले. म्हणजे चार दृश्यांचे रूपक बाजूला सारून त्यांनी त्या जागी खरे पाणी, खरी शेती आणि खरी भांडणे ठेवली.

पण त्याच सुत्तात पुढे आणखी एक गोष्ट आहे. भांडणाऱ्या माणसांच्या काळजात रुतलेला, सहसा न दिसणारा एक काटा तथागतांना दिसला. त्या काट्याने टोचलेला माणूस दाही दिशा पळत सुटतो. काटा काढला की पळणेही थांबते आणि बुडणेही थांबते. बाहेर पाणी आहे आणि आत काटा आहे. धम्म दोन्हींविषयी बोलतो. फक्त काट्याविषयी बोलणारा माणूस अन्यायाशी तडजोड करतो. फक्त पाण्याविषयी बोलणारा पाणी मिळाल्यावर त्याच पाण्यासाठी भावाशी भांडतो.

पूज्य बाबासाहेबांच्या भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथातही, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, चार दृश्यांची कथा पटण्यासारखी नाही असे सांगून रोहिणीच्या पाण्याचा वाद गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला आहे. दोघांच्या मांडणीत फरक आहे. बाबासाहेबांनी सिद्धार्थाला शाक्य संघाच्या सभेत उभे करून युद्धाला विरोध करायला लावले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी हजारो माणसांसह ओंजळीत घेतलेल्या नेत्याला पाण्याचा वाद म्हणजे काय हे कोणी सांगायला नको होते. जे विवेकाला आणि मनुष्याच्या कल्याणाला धरून नाही ते बुद्धवचन मानू नये, अशी कसोटी त्यांनी आपल्याला घालून दिली. नवदीक्षितांनी वाचताना ती हातात धरावी.

कोसंबी आपल्या चळवळीतले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते गांधीजींच्या जवळचे होते आणि १९५६ चे धर्मांतर पाहायला ते हयात नव्हते. अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळल्यावर जैन परंपरेतील उपवासाने देह ठेवण्याचा विचार त्यांनी केला. गांधीजींच्या आग्रहाने एकदा त्यांनी तो थांबवला, परंतु ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपवासातच त्यांचे निधन झाले. तथागतांनी देहदंडाचा मार्ग सोडून मध्यम मार्ग धरला होता, म्हणून आचार्यांच्या या शेवटच्या निर्णयाचे अनुकरण आपण करू नये. त्यांच्यापासून घ्यायचे ते त्यांचे वाचन. मूळ भाषा शिकण्याइतका आदर आणि खोटे वेगळे काढण्याइतके धैर्य, ही दोन्ही त्यांच्यापाशी होती.

आता घरी काय करावे? पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर बुद्धचरित्रातील एकच प्रसंग वाचावा. मुलांना हे घडले काय असे विचारू द्यावे आणि माहीत असेल तेवढे खरे उत्तर द्यावे. मग मोठ्यांनी स्वतःला विचारावे की या प्रसंगातून आपल्या घरात काय बदलायचे आहे. पधानसुत्त वाचले तर आईने, बापाने, थोरल्या मुलाने आपापली एक पलटण ओळखावी; शेजाऱ्याची नव्हे, आपली. पुढच्या पौर्णिमेला तिचे काय झाले ते एकमेकांना सांगावे. याला पैसा लागत नाही, पुजारी लागत नाही, बकरे लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्या माणसांना नातवंडांनी वाचून दाखवावे. ऐकता ऐकता म्हाताऱ्यांनी आपल्या गावच्या पाणवठ्याची हकिगत नातवंडांना सांगावी. मग रोहिणीचे पाणी कोणते आणि काळजातला काटा कोणता, हे त्या घराला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.